फायटरची पिल्लं पाचव्या दिवशी का मरतात, आणि उरलेली कशी जगवायची

प्रश्न: विक्रोळीत राहतो. फायटर माशांची जोडी लावली, अंडी झाली, पिल्लंही भरपूर निघाली. पण पोहायला लागल्यावर चार-पाच दिवसांनी रोज दहा-पंधरा मरायला लागली. उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून दिवसातून दोनदा देतो, रोज निम्मं पाणी बदलतो, दुकानदाराने दिलेलं निळं औषधही टाकतोय. आता साठेक उरली असतील, त्यातली काही तळाशी घसटत असतात. त्यांना वाचवता येईल का? शिवाय एंजल माशांची एक जोडी जमली आहे, ती दर वेळी अंडी खाऊन टाकते. तिचं काय करू?

उत्तर:

आधी आज रात्री काय करायचं ते सांगतो, का ते मग बघू.

बलक बंद करा. निळं औषध बंद करा. एअर पंपाची बारीक नळी घ्या, एक टोक टाकीच्या तळाशी आणि दुसरं खाली ठेवलेल्या पांढऱ्या बादलीत सोडा, आणि तळावर साचलेला पांढुरका थर हळूहळू ओढून काढा. बादली पांढरीच हवी, कारण दोन-चार पिल्लं नळीतून जाणारच आणि ती पांढऱ्यावरच दिसतात. ती चमच्याने उचलून परत टाकायची. पाचवा हिस्सा पाणी निघालं की थांबा. नवीन पाणी किमान एक दिवस बादलीत हवा लावून ठेवलेलं आणि टाकीइतकंच कोमट असलेलं हवं. त्याच नळीला सैल गाठ मारून ते थेंबथेंब सोडा, तांब्याने ओतू नका. पाण्यावर तेलकट तवंग असेल, बलक घातलाय म्हणजे असणारच, तर कोरडा टिश्यू पेपर पाण्यावर आडवा टाकून हलकेच ओढून घ्या. तवंग कागदाबरोबर येतो. दोन-तीनदा करा.

मग एंजलच्या टाकीकडे वळा. तिथे जावा मॉस, म्हणजे पाण्यात वाढणारं झुपकेदार शेवाळ, असेल तर त्याचा मूठभर झुपका पिल्लांच्या टाकीत घाला. स्पंज फिल्टर असेल तर त्याच टाकीचं पाणी भांड्यात घेऊन त्यात स्पंज पिळा, जाड गाळ पाच मिनिटं खाली बसू द्या आणि वरचं तपकिरी पाणी अर्धी वाटी पिल्लांना द्या. दिसायला ते घाण दिसतं, पण डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव त्यात वळवळत असतात. तुमच्या पिल्लांचं आजचं जेवण तेच. एंजल आजारी असतील तर मात्र हे करू नका.

शेवटी टाकी वरून काचेने किंवा प्लास्टिकच्या कागदाने झाका, हवेपुरती फट ठेवून. आजच्यापुरतं एवढं बास.

आता कारण. तुमची बहुतेक पिल्लं रोगाने मेलेली नाहीत, उपासमारीने मेली आहेत. फायटरची अंडी २८ अंशांच्या आसपास दीड-दोन दिवसांत फुटतात. त्यानंतर दोन-तीन दिवस पिल्लं बुडबुड्यांच्या घरट्याखाली शेपटी खाली करून लटकलेली असतात, कारण पोटाला अंड्यातली शिदोरी असते. ती संपत आली की पिल्लू आडवं होऊन पोहायला लागतं. इथून पुढे त्याला तोंडाने खायचं असतं, आणि ते खातं फक्त हलणारी गोष्ट. डोळ्यासमोर काहीतरी वळवळलं की अंगाचा एस करून झडप घालतं. बलकाचा कण हलत नाही. तो खाली बसतो आणि मुंबईच्या उकाड्यात दोन-चार तासांत नासायला लागतो. काही पिल्लांच्या तोंडात थोडा जातोही, म्हणून तर साठ उरली. पण बाकीच्यांनी भरल्या ताटावर उपास काढला. शिल्लक ताकद चार-पाच दिवस पुरली आणि मग रांग लागली. तुम्ही सांगितलेली वेळ यात तंतोतंत बसते.

एक गोष्ट आत्ताच मनाशी धरून ठेवा. माशाचं पिल्लू ठरावीक हद्दीपलीकडे उपाशी राहिलं की पुढ्यात अन्न आलं तरी ते पकडू किंवा पचवू शकत नाही. ते पोहत असतं, जिवंत असतं, पण परत येत नाही. त्यामुळे चांगलं खाद्य सुरू केल्यावरही पुढचे दोन-तीन दिवस काही पिल्लं मरतील. नेमका इथे लोकांचा धीर सुटतो. खाद्य बदलतात, औषध बदलतात, टाकी बदलतात, आणि जी जगणार होती तीही जातात. मरतील ती रोज उचलायची आणि ठरवलेलं तसंच चालू ठेवायचं.

पाण्याबद्दल. मुंबई महापालिकेचं पाणी तलावांचं, म्हणजे तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा यांचं. क्षार कमी, पाणी मऊ. फायटर, गुरामी, एंजल यांच्यासाठी याहून चांगलं पाणी विकत घेऊनही मिळणार नाही. अडचण एकच, क्लोरीन. पावसाळ्यात तलावात गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीनचा वासही जास्त येतो. मोठा मासा एखादा दिवस काढतो, पिल्लाचे कल्ले तेवढ्यात भाजतात. तुम्ही रोज निम्मं पाणी बदलत होतात. ते थेट नळाचं असेल तर बलकाने अर्धं काम केलं आणि नळाने उरलेलं. चोवीस तास हवा लावून ठेवलं की बरंचसं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, एक-दोन बारीक खडे बादलीला पुरतात. आणि सोसायटीच्या टाक्या धुतल्या त्या आठवड्यात नळाचं पाणी पिल्लांना लावूच नका. ब्लीचिंग पावडर किती पडली ते धुणाऱ्यालाही माहीत नसतं. सूचना फलकावर टाकी सफाईची तारीख लागली की आदल्या दिवशी दोन बादल्या भरून ठेवायच्या.

तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर गणित बदलतं. कुजणाऱ्या अन्नातून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. त्याचा विषारी हिस्सा किती, ते पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्यावर, ठरतं. २८ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम पाऊण टक्का विषारी रूपात असतो. बोअरच्या पाण्यासारखा पीएच ८ असेल तर तोच साडेसहा टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे तीच घाण, तेवढाच अमोनिया, पण बोअरच्या पाण्यात जवळजवळ नऊपट विष. घाण झालेल्या टाकीत बोअरचं पाणी भसकन ओतून ‘पाणी बदललं आणि तासाभरात सगळी आडवी झाली’ असं सांगणारे लोक मला बरेच भेटतात. त्याचं कारण हे.

निळं औषध म्हणजे बहुतेक मेथिलीन ब्लू. ते अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून चांगलं आहे, माझ्याकडेही कायम असतं. पण पिल्लं पोहू लागल्यावर त्याचा उपयोग संपतो. उलट फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू असतात त्यांना ते मारतं, आणि पिल्लं जे सूक्ष्म जीव खातात त्यांनाही सोडत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुकानदाराला मी दोष देत नाही. गिऱ्हाईक ‘काहीतरी द्या’ म्हणतं, मग तो काहीतरी देतो.

आता मुख्य विषय, खाद्य. फायटरची पिल्लं जगवणं म्हणजे नव्वद टक्के जिवंत खाद्य जगवणं आणि दहा टक्के मासे बघणं. ज्यांची पिल्लं जगतात त्यांच्या घरी जोडी लावण्याआधी पंधरा दिवस ओट्यावर डबे-बरण्या मांडलेल्या असतात, आणि त्यावरून घरात कुरबुरही झालेली असते.

सगळ्यात लहान खाद्य इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव. जुन्या टाकीचं पाणी बरणीत घ्या, त्यात वाळलेल्या केळीच्या सालीचा बोटभर तुकडा किंवा कोबीचं पान टाका, आणि उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. दोन दिवसांत पाणी दुधाळ होईल आणि वास मारेल. ते जिवाणू असतात, तेव्हा पिल्लांना द्यायचं नाही. चार-सहा दिवसांनी दुधाळपणा निवळतो. अंधारात मागून टॉर्च धरला की धुळीसारखे पांढरे कण आपापल्या दिशेने सरकताना दिसतात. ते दिसले की तयार. ड्रॉपरने वरच्या थरातलं पाणी घ्यायचं. बरणीच्या तोंडाला जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा रबराने घट्ट बांधा, विशेषतः पावसाळ्यात. उघड्या बरणीत डासांच्या अळ्या होतात, आणि महापालिकेची माणसं घरोघरी तपासणीला येतात तेव्हा ‘माशांसाठी आहे’ हे उत्तर चालत नाही, दंड होतो.

नोकरी करणाऱ्या माणसाला माझा पहिला सल्ला व्हिनेगर ईलचा, म्हणजे व्हिनेगरमध्ये वाढणाऱ्या केसासारख्या बारीक किड्यांचा. सफरचंदाचं व्हिनेगर निम्मं, पाणी निम्मं, सफरचंदाची एक फोड आणि कुणाकडून तरी मिळवलेलं या किड्यांचं विरजण, झालं. महिनोन्‌महिने हात लावला नाही तरी हे बारीक किडे टिकतात. काढायची युक्ती बघण्यासारखी आहे. उंच मानेची बाटली घ्या, मानेपर्यंत ते व्हिनेगर भरा, मानेत फिल्टरच्या कापसाचा बोळा व्हिनेगरला टेकेल असा बसवा आणि वर दोन बोटं साधं पाणी घाला. व्हिनेगरमध्ये खाली हवा कमी पडते, म्हणून किडे कापसातून वाट काढत रात्रभरात वरच्या पाण्यात येतात. सकाळी ते पाणी उजेडात धरलं की आत चांदीच्या केसांचा पुंजका हलत असल्यासारखं दिसतं. ड्रॉपरने उचला आणि टाकीत सोडा, व्हिनेगर मध्ये येतच नाही. मोठा फायदा असा की हे किडे गोड्या पाण्यात दिवस-दोन दिवस सहज जिवंत राहतात आणि तळाशी न बसता मधल्या पाण्यात पोहत राहतात. सकाळी आठची लोकल पकडायच्या आधी सोडले की संध्याकाळी घरी येईपर्यंत पिल्लांसमोर ताट वाढलेलं असतं.

मायक्रोवर्म हे दुसऱ्या जातीचे बारीक किडे, करायला त्याहून सोपे. ओट्सची किंवा गव्हाच्या पिठाची घट्ट पेज थंड करून चपट्या डब्यात पसरायची, वर चिमूटभर यीस्ट आणि या किड्यांचं विरजण. झाकणाला सुईने भोकं. तीन-चार दिवसांत किडे डब्याच्या भिंतीवर चढतात, बोटाने पुसून घ्यायचे. पण ते पाण्यात बुडतात, तळाशी पडून राहिले की मरतात, आणि मे महिन्यात डबाच आठ-दहा दिवसांत आंबट होऊन बसतो. दोन डबे आळीपाळीने ठेवावेत. फक्त मायक्रोवर्मवर पिल्लं वाढवू नयेत असं माझं मत आहे. पोट फुगतं, वाढ मात्र होत नाही.

आणि आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, ज्याची सुकी अंडी पुडीत मिळतात. याला पर्याय नाही. दोन लिटरच्या बाटलीचं बूड कापून ती उलटी टांगा. एक लिटर पाणी, २५ ग्रॅम जाडं मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि पाव चमचा अंडी. सोडा एवढ्यासाठी की आपलं तलावाचं पाणी मऊ आहे आणि आर्टेमियाला पीएच आठच्या वर लागतो. सोडा नसेल तर निम्मी अंडी फुटतच नाहीत आणि लोक पुडीला शिव्या घालतात. खालपर्यंत हवा जोरात, वर दिवा. २८ अंशांना चोवीस तास, डिसेंबर-जानेवारीत छत्तीसही लागतात. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात, आणि नारिंगी जीव उजेडाकडे धावतात. म्हणून दिवा बंद करून टॉर्च बाटलीच्या खालच्या तिसऱ्या भागाला लावायचा. तिथे नारिंगी ढग जमला की नळीने तेवढाच ढग ओढून घट्ट विणीच्या कपड्यातून गाळायचा, गोड्या पाण्याने धुवायचा आणि लगेच द्यायचा. उशीर करू नका. फुटल्यावर पहिल्या काही तासांतच त्यांच्या अंगात खरी ताकद असते, पुढे ते स्वतःचीच चरबी जाळत बसतात. टरफलं पिल्लांच्या पोटात गेली तर अडकतात, म्हणून गाळताना हावरेपणा नको.

क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याला सुटी पुडी मिळते. घ्यायला हरकत नाही, पण आधी चिमूटभर फोडून बघा आणि मग मोठी घ्या. मुंबईच्या दमट हवेत उघडी पडलेली अंडी लवकर निकामी होतात. हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह, फ्रीजमध्ये ठेवायची. ट्युबिफेक्स मात्र पिल्लांना नको. गटाराच्या पाण्यात वाढलेले ते किडे मोठ्या माशांना देतानासुद्धा मी दहा वेळा विचार करतो.

तुमच्या पिल्लांपैकी मोठी आत्ताच आर्टेमिया पकडतील, लहान राहिलेल्यांना अजून तीन-चार दिवस व्हिनेगर ईल आणि इन्फ्युसोरिया लागेल. म्हणून दोन्ही चालू ठेवा. खाल्लं की नाही हे ओळखायला अंदाज करत बसू नका. खाऊ घातल्यावर अर्ध्या तासाने टॉर्च बाजूने धरा आणि भिंग घेऊन बसा. आर्टेमिया खाल्लेल्या पिल्लाच्या पोटात नारिंगी ठिपका ठळक दिसतो. ज्याचं पोट काचेसारखं पारदर्शक आणि आत ओढलेलं, डोकं अंगापेक्षा मोठं वाटतं, ते उपाशी. ही पिल्लं वेगळी काढायची.

वेगळी कुठे? श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा स्वच्छ धुऊन त्याच टाकीत तरंगत सोडा, त्यात त्याच टाकीचं तीन-चार सेंटीमीटर पाणी घ्या. तापमान आपोआप तेवढंच राहतं. उथळ पाण्यात पिल्लाला अन्नामागे फार धावावं लागत नाही, पृष्ठभागही जवळ असतो. डब्यात अन्न दाट मिळतं. पण पाणीही लवकर खराब होतं, म्हणून रोज दोनदा निम्मं पाणी मुख्य टाकीतल्या पाण्याने बदलायचं. एका डब्यात वीस-पंचवीसपेक्षा जास्त नकोत. देशी बदामाच्या सुक्या पानाचा तळहाताएवढा तुकडा टाकला तर चांगलंच. मुंबईत प्रत्येक दुसऱ्या सोसायटीच्या आवारात हे झाड आहे, पानं लाल होऊन गळतात ती फुकट मिळतात. दुकानात त्यांचीच पाकिटं विकतात. फक्त धूर फवारणी झाल्यावर लगेच गोळा केलेली पानं नकोत.

तळाशी घसटणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. त्यांच्या पोटातली हवेची पिशवी भरलेलीच नाही. माशांच्या बऱ्याच जातींची पिल्लं पोहायला लागताना एकदा पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतात आणि त्यातून ती पिशवी फुगते. त्या मोजक्या दिवसांत वर तवंग असेल तर घोट घेता येत नाही, आणि वेळ गेली की वाट बंद होते. बलकातल्या चरबीचा तवंग मी सुरुवातीलाच काढायला सांगितला तो यासाठी. तुमची पिल्लं अजून आठवड्याच्या आतबाहेर आहेत, त्यामुळे तवंग काढून उथळ पाण्यात ठेवल्यावर काही सुधारतील. दोन आठवड्यांनंतरही पोटावर सरकत असतील तर ती तशीच राहणार. काही जण ती वाढवतात, मासा आयुष्यभर उड्या मारत वर येतो आणि परत खाली बसतो. मी वाढवत नाही.

कणा वाकडा असलेली किंवा एकाच जागी गोल गोल फिरणारी पिल्लंही सुधारत नाहीत. जन्मापासून अशी बरीच निघाली तर आईबाप एकाच वेताचे भाऊबहीण असण्याची शक्यता मोठी, दुकानातून एकाच दिवशी एकाच टबमधून जोडी आणली की हे घडतं. अशांना संपवायची वेळ आली तर लवंगेचं तेल हा त्यातल्या त्यात कमी त्रासाचा मार्ग आहे. कोमट पाण्यात थेंबभर तेल जोरात हलवून मिसळायचं आणि पिल्लू त्यात सोडायचं. गुंगी येते, मग आणखी तेल. संडासात जिवंत सोडणं हा क्रूरपणा आहे, आणि पवई तलावात किंवा राष्ट्रीय उद्यानातल्या ओढ्यात सोडणं त्याहून वाईट. सशक्त असली तरी तिथे सोडायची नाहीत.

लहान-मोठी वेगळी करणं लोक टाळतात. तिसऱ्या आठवड्यात एकाच वेतातली पिल्लं दुप्पट-तिप्पट फरकाची दिसतात. मोठी आधी खातात, मग लहानांच्या शेपट्या कुरतडतात. लहान म्हणजे अशक्तच असं नसतं. वेगळं काढून पोटभर खायला मिळालं की त्यातली बरीच महिन्याभरात बरोबरी गाठतात.

घरातल्या तीन गोष्टी सांगतो, ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. डास पळवणारं लिक्विड मशीन टाकीच्या खोलीत नको. त्यातली पायरेथ्रॉइड जातीची द्रव्यं माशांना फार विषारी असतात, आर्टेमियालाही, आणि एअर पंप खोलीतली हवाच ओढून पाण्यात सोडत असतो. गल्लीत धुराची गाडी आली तर खिडक्या लावा, पंप अर्धा तास बंद ठेवा, टाकी झाका. दुसरं, एसी. फायटरच्या पिल्लाचा हवेतून श्वास घेणारा अवयव साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तयार होतो. त्या काळात वरची हवा गार आणि कोरडी असेल तर पिल्लं जातात. रात्री २२ वर एसी लावून झोपता त्या खोलीत टाकी असेल तर हलवा, नाहीतर हीटर आणि घट्ट झाकण पाहिजेच. तिसरं, टाकीत हायड्रा. आर्टेमिया देणाऱ्या टाक्यांत काचेवर छोट्या हातांची पांढरी धाग्यासारखी गोष्ट चिकटलेली दिसते. ती पिल्लं खाते. दिसली की पिल्लं दुसऱ्या टाकीत काढा आणि ही टाकी पूर्ण वाळवा.

पिल्लं पंख मिटून घेत असतील आणि अंधारात तिरक्या टॉर्चमध्ये अंगावर सोनेरी भुकटी दिसत असेल तर तो व्हेल्व्हेट नावाचा रोग. टाकी काळ्या कपड्याने झाका, तापमान २९-३० करा, लिटरमागे एक ग्रॅम जाडं मीठ विरघळवून हळूहळू घाला. तांबं (कॉपर) असलेली औषधं पिल्लांना देऊ नका.

पुढच्या वेळी जोडी लावाल तेव्हा क्रम उलटा करा. आधी व्हिनेगर ईल आणि आर्टेमियाची चाचणी, मग नर-मादीला वेगवेगळं ठेवून दहा-पंधरा दिवस जिवंत किंवा फ्रोझन खाद्य, मग टाकी. मादीला काय खायला मिळालं त्यावर अंड्यातली शिदोरी ठरते. नुसत्या गोळ्यांवर ठेवलेल्या मादीची पिल्लं बरणीतलं खाद्य तयार असलं तरी नाजूक निघतात. टाकीत पाणी दहा-बारा सेंटीमीटर, तळाला रेती नाही, स्पंज फिल्टर एंजलच्या टाकीत महिनाभर मुरलेला, हवा सेकंदाला एखाद-दुसरा बुडबुडा. अंडी झाली की मादी काढा, पिल्लं आडवी पोहायला लागली की नर.

एंजल. आधी ती नर-मादीच आहे का ते बघा. दोन माद्याही जोडी जमवतात, पान साफ करतात, अंडी घालतात, आणि दोन दिवसांत ती सगळी पांढरी पडतात. अंडी घालताना पोटाखाली नळी दिसते. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. जोडी खरी असेल तर पहिली काही वेतं खाणं नेहमीचंच, आणि येता-जाता टाकीत डोकावणाऱ्या घरात तर जास्तच. टाकीत पीव्हीसी पाइपचा तुकडा किंवा पाटीचा दगड तिरका उभा ठेवा, अंडी त्यावर घालतात. घालून झाल्यावर तो तुकडा हवेत फार वेळ न धरता वीसेक लिटरच्या टाकीत न्या, पाणी आईबापांच्याच टाकीचं. अंड्यांच्या जवळून हवेचे बुडबुडे वर जातील असा एअर पंपाचा दगड ठेवा. मेथिलीन ब्लू इथे टाका, पाणी फिकट निळं होईल एवढंच. पांढरी अंडी ड्रॉपरने उचला. दोन-अडीच दिवसांत फुटतात, मग पाच दिवस पिल्लं डोक्याच्या चिकट धाग्यांनी चिकटून नुसती वळवळतात. त्या पाच दिवसांत काहीही खायला घालायचं नाही. पोहायला लागली की थेट आर्टेमिया. तोंड फायटरच्या पिल्लापेक्षा मोठं असतं, पहिल्याच दिवशी पोटं नारिंगी होतात. खरं सांगायचं तर एंजलची पिल्लं फायटरपेक्षा सोपी.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. तुमची चाळीस पिल्लं जरी जगली तरी अडीच-तीन महिन्यांत नर एकमेकांचे पंख फाडायला लागतील. वीस नर म्हणजे वीस बरण्या, प्रत्येकीचं पाणी आठवड्यातून दोन-तीनदा बदलायचं. दीड महिन्यापासूनच बरण्या जमवायला लागा, लोणच्याच्या मोठ्या काचेच्या चालतात, पण तेलाचा वास पूर्ण जाईपर्यंत गरम पाण्याने धुवा, साबण नको. ओळखीच्या दुकानदाराशी आत्ताच बोलून ठेवा. लांब शेपटीचे, चांगल्या रंगाचे नर तो घेईल, भाव फार मिळणार नाही, बदल्यात खाद्य किंवा हीटर मागा. माद्या सहसा कुणी घेत नाही. त्या झाडं भरपूर असलेल्या मोठ्या टाकीत, लहानपणापासून एकत्र वाढलेल्या असतील तर, सात-आठ एकत्र राहतात.